फिलीप, जेरार
(४ डिसेंबर १९२२ – २५ नोव्हेंबर १९५९). फ्रेंच रंगभूमी आणि चित्रपट या दोन्हींवर गाजलेला अभिनेता. जन्म कान येथे. १९४५ मध्ये आल्बेर काम्यूच्या ‘कालिग्युला’ नाटकातील क्रूर सम्राटाच्या भूमिकेने पॅरिसचे लक्ष त्याच्याकडे गेले. ‘फांफां ला त्युलिप’ (१९५२) या तलवारबाजीच्या चित्रपटाने त्याला अफाट लोकप्रिय केले.

त्याचे खरे मोठेपण मात्र नाटकातच दिसते. चित्रपटतारा असूनही तो झां व्हिलारच्या नाट्यमंडळीत सामील झाला. १९५१ मध्ये आव्हिन्यों येथे पोपच्या राजवाड्याच्या उघड्या चौकात त्याने कॉर्नेयच्या ‘ल सिद’मधला रॉद्रिग रंगवला आणि सतराव्या शतकातले ते नाटक पुन्हा तरुण झाले.

यकृताच्या कर्करोगाने ३६ व्या वर्षी त्याचे निधन झाले. रामात्युएल येथे त्याचे दफन झाले, तेही रॉद्रिगच्याच पोशाखात.