पुडी बांधणारे हात

माझे वडील गिरगावात किराणा दुकानात नोकर होते. वर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढायचा, साखरेच्या पुडीला दोन वेढे द्यायचे, बोटाने झटका मारून तो तोडायचा. लहानपणी मी ते तासन्‌तास बघत बसे. एकेका गिऱ्हाइकापायी पाच-सात मिनिटं जात आणि त्यांचा पगार मालकाला मोजावा लागे.

ही मिनिटं वाचवायची वाट १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात रुळली. क्लॅरेन्स सॉन्डर्सच्या ‘पिगली विगली’त गिऱ्हाइकाने टोपली घेऊन माल स्वतःच उचलायचा. पुढे २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड यंत्राने वाचला गेला. तोवर डब्या-डब्यावर किंमत चिकटवायलाही माणूस लागत असे. आता तर बिलही आपणच करतो. माझं स्पष्ट मत आहे, दुकानातलं काम संपलेलं नाही; त्यातलं बरंचसं बिनपगारी आपल्या अंगावर आलं आहे.

आणि पगाराचं काय? अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने ताशी २५ सेंट किमान वेतन ठरलं, पण बहुतेक दुकानांतली माणसं १९६१ च्या दुरुस्तीपर्यंत त्यातून वगळलेली होती. सॅम वॉल्टनचं पहिलं वॉलमार्ट त्यानंतर वर्षभराने, १९६२ मध्ये उघडलं. माणसं टिकेनात तेव्हा याच वॉलमार्टने आपलं किमान वेतन २०१५ मध्ये ९ आणि २०२३ मध्ये १४ डॉलर केलं. देशाचं किमान वेतन मात्र २००९ पासून ७.२५ डॉलरवरच थांबलेलं आहे.