गुडघ्याच्या वाटीची वाट

पॉमेरेनियन जातीचें चिमुकलें कुत्रें धांवतां धांवतां एकाएकीं मागचा पाय उचलतें, तीन पायांवर दोन-चार उड्या मारतें आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत पुन्हां चालूं लागतें. घरच्या मंडळींना हा त्याचा खेळकरपणा वाटतो. वस्तुतः त्याच्या गुडघ्याची वाटी जागा सोडून आंतल्या बाजूस सरकलेली असते.

दोरी कप्पीच्या खांचेंतून सरकावी, तशी ही वाटी मांडीच्या हाडाच्या खांचेंतून वरखालीं सरकते. खांच उथळ असली, किंवा नडगीच्या हाडावरील उंचवटा आंत वळलेला असला, म्हणजे स्नायूंची ओढ तिरपी पडते व वाटी निसटते.

क्लोद बूर्जला यांनीं १७६१ सालीं फ्रान्समध्यें लियाँ येथें पशुवैद्यकाची शाळा स्थापन केली. परंतु सैन्याला घोडा हवा होता, शेतकऱ्याला बैल. लंगड्या कुत्र्याची चिंता कोण वाहणार? शिवाय सांधा उघडणें म्हणजे पू व मृत्यू यांना आमंत्रण. १८४६ सालीं ईथरनें वेदना हरली, १८६७ सालीं लिस्टर यांनीं जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धति प्रसिद्ध केली, आणि १८९५ सालीं राँटजेन यांच्या क्ष-किरणांनीं हाडें दृष्टीस पाडलीं. मग ही वाट मोकळी झाली.

सांध्याभोंवतालचे पडदे शिवून घट्ट करावे, हा सोपा उपाय. पण हाडच वांकडें असेल तर नुसती शिवण कालांतरानें सैल पडते. म्हणून नडगीचा उंचवटा कापून सरळ रेषेंत बसविण्याची रीत आली. पटनम यांनीं १९६८ सालीं आखलेली विकाराच्या चार पायऱ्यांची वर्गवारी सिंगलटन यांनीं १९६९ सालीं सुधारली. त्यामुळें कोणत्या कुत्र्यावर काय करावें, हें ठरविणें सुकर झालें. उथळ खांच खरवडून खोल करतांना मात्र तिच्यावरील गुळगुळीत कूर्चा नष्ट होई. १९८२ सालीं अमेरिकेंतील स्लोकम व त्यांचे सहकारी यांनीं यावर तोड सांगितली: कूर्चेसह पाचरीसारखा तुकडा काढावा, खालचें हाड कमी करावें आणि तोच तुकडा पुन्हां बसवावा.

पहिल्या पायरीवरील, त्रास न होणाऱ्या कुत्र्याला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाहीं; तीव्र विकारांत विलंब झाला तर वाढत्या पिलाचीं हाडें अधिकच वांकतात. तथापि हा दोष पुष्कळदां आनुवंशिक असतो. इवलेंसें कुत्रें हवें या माणसाच्या हौसेनें तो जोपासला गेला. शल्यवैद्य एक पाय सरळ करील. पुढल्या पिढीचा पाय सरळ राखणें हें, अशा कुत्र्यांची वीण न करणाऱ्या पालकांच्याच हातीं आहे.