‘मॉल्किन’ : एका शब्दाचा अर्थापकर्ष

मध्ययुगीन इंग्लंडात ‘मॉल्किन’ हे मॉड अथवा मटिल्डा या स्त्रीनामाचे लाडिक लघुरूप होते. पुढे ते हलक्या दर्जाच्या, गबाळ्या स्त्रीस लावले जाऊ लागले; आणि इ. स. १४०० च्या सुमारास चिंध्यांच्या पोताऱ्यासही. भटारी त्याने भट्टी पुसत. इ. स. १६२३ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’ नाटकात हा शब्द स्वयंपाकघरातील मोलकरणीसाठी येतो, इ. स. १८६७ च्या स्माइथकृत नाविक शब्दकोशात मात्र तोफेची नळी साफ करण्याचे साधन, एवढाच अर्थ उरतो. मुळात नावात दोष नव्हता. ज्या श्रमावाचून भट्टी चालत नाही व तोफही चालत नाही, त्या श्रमाविषयीचा समाजाचा तुच्छभावच या शब्दात साठत गेला, असे म्हणावे लागते.