डोंगरींतील स्नेह

खऱ्या मैत्रीची कसोटी एकमतांत आहे, असें सामान्यतः समजलें जातें; टिळक व आगरकर यांचें चरित्र पाहतां आम्हांस तसें वाटत नाहीं. डेक्कन कॉलेजांत इंग्रजी ग्रंथांच्या वाचनानें ज्यांच्या बुद्धीस चिकित्सेची धार आली, अशा या दोघां तरुणांनीं १८७९ सालीं सरकारी नोकरीचा मोह सोडून शिक्षणकार्यास वाहून घेण्याचा बेत केला. पुढें कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांत १८८२ सालीं त्यांस मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. तेथें त्यांचा वाद इतका चढे, कीं पहारेकऱ्यांस येऊन आवाज आवरावयास सांगावें लागे! आगरकरांनीं हें आपल्या तुरुंगवृत्तांतांत मोकळेपणानें लिहिलें आहे. १८८७ सालीं आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला, १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला. १८९० सालीं टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडले. दोघांच्याही लेखणीनें कित्येकदां मर्यादा ओलांडली, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. तथापि ज्याचें मत आपणांस कवडीमोल वाटतें, त्याच्याशीं कोणी इतकीं वर्षें भांडत बसत नाहीं. १७ जून १८९५ रोजीं आगरकर वारले. ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनींच लिहिला.