एका ओळीची तवारीख

इतिहासाची साधनं म्हटलं की बखरी, फर्मानं, ताम्रपट, दफ्तरातले रुमाल डोळ्यांसमोर येतात. सॉफ्टवेअरच्या बदलांची नोंदवही त्या यादीत कुणी धरत नाही. कुठली ओळ कोणी, कधी, कशासाठी बदलली, हे सगळं तिच्यात असतं. मी भाषेचा शिक्षक, प्रोग्रामर नव्हे. पण लिहिलेल्यावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न तिथेही तोच आहे.

नोव्हेंबर २००३. लिनक्स कर्नेलची मूळ नोंद तेव्हा बिटकीपर या खासगी कंपनीच्या प्रणालीत होती. ज्यांना ती नको होती त्यांच्यासाठी सीव्हीएस या जुन्या पद्धतीत एक नक्कल ठेवलेली असे. त्या नकलेत दोन ओळी जास्तीच्या निघाल्या. वरवर पाहता नेहमीची तपासणी. फक्त जिथे '==' हवं तिथे '=' होतं. दोन चिन्हं असती तर अर्थ झाला असता, 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का?' एका चिन्हाने अर्थ झाला, 'त्याचा क्रमांक शून्य कर.' लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे रूट, संगणकाचा मालक. उर्दूत 'महरम'ला एक नुक्ता लागला की 'मुजरिम' होतो. इथे एक चिन्ह गळलं आणि कुणीही मालक होऊ शकला असता.

हे पकडलं कसं? नकलेतल्या प्रत्येक बदलासोबत बिटकीपरमधल्या मूळ नोंदीचा हवाला असे. या बदलाला हवालाच नव्हता. बिटकीपरवाल्या लॅरी मॅकव्हॉय यांच्या ते लक्षात आलं. मूळ नोंदीत त्या ओळी कधी गेल्याच नाहीत. त्या घालणारा कोण, हे आजतागायत उघड झालेलं नाही.

२००५ मध्ये बिटकीपरचा फुकट वापर बंद झाला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. गिटमध्ये प्रत्येक नोंदीचा क्रमांक तिच्या मजकुरातून आणि आधीच्या नोंदीच्या क्रमांकातून काढलेला असतो. जुनं पान बदललं की पुढचे सगळे क्रमांक बदलतात. बंदोबस्त चोख. पण नाव आणि तारीख लिहिणारा जी देईल ती. गिट स्वतः तपासत नाही. पान फाडलेलं नाही याची खात्री मिळते, पानावरचं खरं आहे याची नाही.

आणि वही सुरू कुठून होते, हेही पाहायला हवं. लिनक्सचा जन्म १९९१चा. कर्नेलची गिट-वही उघडते १६ एप्रिल २००५ला. सतरा हजारांहून जास्त फाइली त्या दिवशी एकाच नोंदीत आत आल्या, मागचा इतिहास बाहेर राहिला. ओळ कोणाची हे सांगणाऱ्या आज्ञेचं नाव 'ब्लेम', म्हणजे सरळ आरोपच! तेव्हापासून न बदललेल्या कुठल्याही ओळीवर ती आज्ञा चालवा, उत्तर एकच: टोरवाल्ड्स, १६ एप्रिल. शेकडो लोकांची चौदा वर्षं एका नावावर. नंतरच्या ओळींतही ब्लेम दाखवते तो शेवटचा हात लावणारा. कुणी नुसती मोकळी जागा सारखी केली तरी त्याचंच नाव.

बिटकीपरच्या काळातल्या नोंदी पुढे वेगळ्या गिट-संग्रहात आणल्या गेल्या. तो जोडून पाहिला की त्याच ओळींवर दुसरी नावं, दुसऱ्या तारखा उमटतात. मागे जात जात २००२ला पोचलं की मात्र पुन्हा तेच: एक मोठी आयात, एकच नाव.