दशांश संख्या-मजकुराचे प्रमाणीकरण (सी भाषा)

एकच संख्या अनेक रूपांत लिहिलेली सापडते. ती सगळी रूपे एका ठरावीक रूपात आणणे म्हणजे प्रमाणीकरण. डहाणू तालुक्यातील गंजाडचे रेखांश ढोबळमानाने ७२.८ अंश पूर्व आहेत. नकाशाच्या फायलींत तेच ‘००७२.८०’, ‘+७२.८’ किंवा ‘७२८ई-१’ (‘ई’नंतरचा आकडा म्हणजे दहाचा घातांक) असे येऊ शकतात. तुलना, वर्गवारी आणि दुबार नोंदी शोधणे ही कामे मजकुरावर होत असतील, तर संगणकाला ही तीन वेगळी मूल्ये वाटतात.

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे सी भाषेतील ‘स्ट्रटॉड’ फलनाने मजकुराचा ‘डबल’ (द्विमान अपूर्णांक-प्रकार) करून तो पुन्हा छापणे. धोका इथेच आहे. ७२.८ द्विमान पद्धतीत नेमके मावत नाही. १७ सार्थ अंकांत छापल्यास ७२.७९९९९९९९९९९९९९७ मिळते. शिवाय दशांशचिन्ह टिंब की स्वल्पविराम, हे ‘स्ट्रटॉड’ चालू लोकॅलवरून (भाषा-प्रदेशाच्या मांडणीवरून) ठरवते.

म्हणून अक्षरांवरच काम करणे श्रेयस्कर. चिन्ह बाजूला काढावे, सुरुवातीची शून्ये गाळावीत, पहिल्या शून्येतर अंकानंतर दशांशचिन्ह ठेवावे आणि ते जितकी घरे सरकले त्यानुसार घातांक बदलावा. दशांशचिन्हानंतरची शेवटची शून्येही गाळली, तर तिन्ही रूपांतून ‘७.२८ई१’ हेच निघते. घातांक ‘स्ट्रटॉल’ (मजकुरातून पूर्णांक वाचणारे फलन) वापरून वाचताना ‘एर्नो’ हा त्रुटी-दर्शक तपासणे आवश्यक, नाहीतर अवाढव्य घातांक मुकाट्याने कापला जातो. शून्याला पहिला शून्येतर अंकच नसतो. त्याची वाट वेगळी ठेवावी.

शेवटची शून्ये मात्र विचार करूनच गाळावीत. मोजणीत ‘७२.८०’ ‘७२.८’पेक्षा अधिक अचूकता सांगते.