वकिलावाचून काडीमोड

घटस्फोटापेक्षा काडीमोड हा शब्द आम्हांला जवळचा. कित्येक जातींत पंचांसमोर काडी मोडली की संबंध तुटे. वकील लागत नसे. पण पंच सारे पुरुष, बाईला विचारतो कोण? आमच्या करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी 1919 साली याविषयी कायदा केला. बडोद्याचा 1931 चा, मुंबई प्रांताचा 1947 चा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीची काडीमोड राहू दिली. उभयतांच्या राजीखुशीची वाट मात्र 1976 साली उघडली. वर्षभर वेगळे राहायचे, मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचे. (ही मुदत माफ करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली दिली.)

1984 च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क उरला नाही. आम्हां चळवळीतल्यांना यात नवल नव्हते. 1947 च्या औद्योगिक कलह कायद्याखाली कामगाराची बाजू युनियनचा माणूस मांडी. पण कामगाराच्या पाठीशी युनियन तरी असे. अर्जावर अंगठा उठवणाऱ्या बाईच्या पाठीशी कोण? पोटगी सोडल्याचा मजकूर सासरच्याच कुणी लिहिलेला असला तर? श्रोतेहो, दुसऱ्या खेपेस न्यायाधीश विचारतील तेव्हा तिला नाही म्हणता येते. पहिली सही तिला बांधून ठेवीत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच सांगितले आहे.